चालता चालता घेतलेलं माप

माझ्या दुकानाच्या पायरीवर त्याच्या बुटाचा तळ निघाला, म्हणून तो आत आला. नाहीतर आमची गाठ कशाला पडली असती?

त्याचा डावा पाय जरा आखूड होता. माझ्या नजरेतून ते सुटणार थोडंच!

"नवीनच शिवते. डाव्याला जाड तळ घातला की लंगडणं जाईल."

"जायला कशाला हवंय?" तो हसला. "मी नाच शिकवतो. हा पाय असाच पडतो, आणि मला तो आवडतो."

"हे बघा, दोन्ही पाय एका पातळीत यायलाच हवेत. बाबांनी मला हेच शिकवलंय."

"मग बाबांनाच विचारू या?"

"ते... नाहीत आता."

तो हळूच म्हणाला, "करा तुमच्या मनासारखं."

नवे बूट घालून तो गेला आणि चौथ्या दिवशी कंबर धरून परत आला. तीन दिवस वर्ग बंद होते. चिडला असता तर मी भांडले तरी असते! त्यानं बूट अलगद टेबलावर ठेवले.

"शिवण मात्र सुरेख आहे हं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही... जरा चालून दाखवाल?"

"माप उभ्यानं घेतात ना?"

"आजपर्यंत घेत होते."

आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तो पुढे, मी वही घेऊन मागे. त्याचा डावा पाय आधी चवड्यावर टेकायचा, मग किंचित वळायचा... जणू प्रत्येक पावलाला एक छोटीशी गिरकी. यात दुरुस्त करण्यासारखं होतं तरी काय?

"मागून काय टिपताय? शेजारून चला की!"

मी त्याच्या शेजारी गेले. वहीत पुढं काहीच लिहिलं गेलं नाही.

डाव्या बुटाला मी पातळ, मऊ तळ लावला. त्यासाठी आधीच्या जाड तळावर सुरी टेकवली. 'बाबा, रागावू नका,' म्हटलं आणि कापला.

बूट घालून त्यानं दुकानातच एक फेरी मारली, गर्रकन वळला आणि माझ्यासमोर थांबला.

"आता इथं यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला. "म्हणून सरळच विचारतो. उद्या संध्याकाळी भेटाल?"

"दुकान सातच्या आत कधीच बंद होत नाही," मी सवयीनं बोलून गेले.

त्याचा चेहरा उतरला. तो दारापर्यंत पोचला.

"पाचला... ये."

तो वळला. "'या' नाही?"

"नाही," मी म्हणाले. "'ये'."