दुकानात धावे, घरी रांगे

"बाई आहेत का?"

दारातल्या तरुणीने दादाच्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं. खाजगी तपासाचा हा धंदा खरं तर दादाने सुरू केला होता. बाहेरच्या पाटीवर आधी त्याचं एकट्याचंच नाव होतं. धाकटी बहीण हाताखाली शिकायला म्हणून आली आणि बघता बघता गुरूची विद्या गुरूलाच भारी पडली. आता येणारा प्रत्येक माणूस त्याला फक्त एवढंच विचारायचा.

"आहेत," तो म्हणाला. "चिमे, तुझ्याकडे आल्यात."

"आपल्याकडे," चिमी आतून म्हणाली. तेही त्याला टोचलं.

तरुणी सिनेमाची संकलक होती. चित्रित झालेले तुकडे कापून, जोडून त्यांचा सिनेमा करणारी. खुर्चीत बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "माझा कॉम्प्युटर कुणीतरी मुद्दाम बिघडवतंय."

दादा हसला. "नवं अपडेट आलं असेल. आमच्या कॉम्प्युटरचीही तेव्हापासून गोगलगाय झालीय."

"सगळे हेच म्हणतात. आणि अपडेट आलंच होतं. माझी थोरली बहीण, ताई, माझ्याच घरी येऊन काम करते. माझा आणि तिचा, दोन्ही कॉम्प्युटर रखडले. चार दिवसांनी दोन्ही सुधारले. मग माझ्या एकटीचाच परत बसला. साधं टाइप करायला ठीक, पण सिनेमा लावला की चित्र आचके देतं. दुरुस्तीवाल्याने दोनदा दुकानात नेला. तिथे हरणासारखा पळतो. घरी आणला की रांगतो."

"तोवर काम कसं चाललंय?"

"ताईने तिचा दिलाय. शेजारी बसते बिचारी. पण तो जुना, अख्खा सिनेमा पेलत नाही. शुक्रवारपर्यंत दिला नाही तर दिग्दर्शक तो दुसऱ्याकडे नेतील. माझा पहिला मोठा सिनेमा आहे हो, बाई."

"संशय कुणावर?"

तरुणी पदराशी खेळावं तशी ओढणीशी चाळा करत राहिली. "नवऱ्यावर," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या डोळ्यांत माझं काम सलतं. म्हणजे, दिग्दर्शक सलतो."

झालं, दादाच्या मनाने निकाल लावला. नवराच. या खेपेला तरी चिमीच्या आधी आपण पोचलो.

दुरुस्तीवाला आधीच वैतागलेला होता. "अपडेट काढून पाहिलं, पुन्हा टाकलं. जागा मोकळी केली. आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद केले. पंख्यातली धूळ काढली. इथे माझा स्क्रीन जोडला की लोण्यासारखा चालतो. आता मी काय त्याच्या पाया पडू?"

"दुसरं काही विचित्र दिसलं?" चिमीने विचारलं.

"विचित्र म्हणजे, त्या घरात उंदीर आहेत. कॉम्प्युटरच्या मागे एक सॉकेट वापरायचं नसतं, म्हणून त्यावर रबरी टोपण असतं. पहिल्यांदा आला तेव्हा ते नव्हतं. मी नवं घट्ट बसवलं. दुसऱ्यांदा आला, तर तेही गायब!"

दादाला हसू आलं. चिमीला आलं नाही.

"घरी जाऊन जोडून देता का तुम्ही?"

"तीन जिने चढून? या गुडघ्यांनी? मी खाली उतरवून देतो. तिचा नवरा वर नेतो."

दादाने बहिणीकडे विजयी नजरेने पाहिलं. ती दुकानातल्या तारांकडे बघत होती.

नवऱ्याने दार उघडलं तेच आठ्या घालून.

"हो, येतो मला राग," तो म्हणाला. "कशाला खोटं बोलू? दिग्दर्शक येतो, मी कॉफी करतो. ते दोघं अर्धं वाक्य बोलतात आणि हसतात. उरलेलं अर्धं मला कधीच कळत नाही. पण मशीनला मी हात लावत नाही."

"दुरुस्त होऊन आलं की खालून वर तुम्हीच आणता ना?" दादाने धारदार आवाजात विचारलं.

"आणतो, हमालासारखा. टेबलाखाली ठेवतो आणि कामावर पळतो. तारा तो दुरुस्तीवाला येऊन जोडत असेल."

"नाही हं, तूच जोडतोस," तरुणी आतून म्हणाली. "मी दिग्दर्शकांकडून परत येते तेव्हा सगळं जोडलेलं असतं."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. दादाने मान डोलावली. खोटारड्यांची तोंडं अशीच होतात.

कामाच्या खोलीत बसणाऱ्यांची पाठीला पाठ लागेल अशी, समोरासमोरच्या भिंतींना टेकून दोन टेबलं होती. एका टेबलापाशी तरुणीची ताई, थोरली, बसली होती. तिनेच धाकटीला या कामात आणलं होतं. भिंतीवर एक सन्मानचिन्ह होतं, धाकटीचं. थोरलीची भिंत कोरी होती.

दादा पुढे सरकला आणि त्याचा पाय कशात तरी अडकला. थोरलीचा स्क्रीन काळा पडला.

"अगं आई गं! माफ करा."

"असू दे हो, होतं असं," थोरली त्याच्याकडे बघतच म्हणाली. बोलता बोलता तिने हात टेबलामागे घातला आणि स्क्रीन पुन्हा उजळला. "जावईबापूंवर उगाच संशय नको. संतापी आहेत, पण मनाने वाईट नाहीत. हे सगळं त्या अपडेटमुळेच झालंय. मी तिला म्हणते, माझ्या मशीनवर बस, आपण दोघी मिळून संपवू."

"मशीनमधलं तुम्हाला कळतं?" चिमीने विचारलं.

"छे! मी कात्रीने फिल्म कापायच्या काळातली. तारा बघितल्या की मला घेरी येते."

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. दिग्दर्शक होते. "नाही हो, तो प्रसंग मी आता वेगळाच कापलाय," ती हसत हसत बाहेर गेली. थोरलीही हसली. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळे मात्र विझले.

दादाने नजर फिरवली. का, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नाही.

जिना उतरताना चिमीने विचारलं, "काय वाटतं?"

"नवरा," दादा म्हणाला. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

गुरुवारी चिमीच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर तिसऱ्यांदा दुकानात जाऊन आला. सगळं नेहमीसारखंच करायचं, एवढंच तिने बजावलं होतं. संध्याकाळी सगळे कामाच्या खोलीत जमले. गुडघे धरून दुरुस्तीवालासुद्धा तीन जिने चढून आला.

धाकटीने सिनेमा लावला. चित्र एक पाऊल चाललं, थबकलं, पुन्हा चाललं.

"बघा!" ती रडकुंडीला आली.

चिमी टेबलाखाली वाकली. स्क्रीन क्षणभर विझला आणि परत आला. "आता लावा."

चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. धाकटी खुर्चीतून उठलीच.

"मी फक्त स्क्रीनची तार एका सॉकेटातून काढून दुसऱ्यात घातली," चिमी म्हणाली. "या मशीनमध्ये सिनेमा पेलायला वेगळं कार्ड आहे. तार त्या कार्डात हवी. शेजारी तसंच दिसणारं एक साधं सॉकेट आहे. त्यात घातली तरी चित्र दिसतं, पण कार्ड हातावर हात ठेवून बसतं. दुकानात यांनी आपली तार बरोबर जागी घातली, म्हणून मशीन पळालं. घरी ती चुकीच्या जागी जायची, म्हणून रांगलं."

दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारला. "तरीच टोपण!"

"हो. चुकून कुणी तार घालू नये म्हणूनच तिथे टोपण असतं. ते दर वेळी निघायचं. म्हणजे चूक नाही, मुद्दाम. उंदीर रबर कुरतडेल, पण तार नेऊन जोडणार नाही."

"मग यानेच!" धाकटी नवऱ्याकडे वळली.

"थांबा. यांना वाटायचं दुरुस्तीवाला जोडतो. दुरुस्तीवाला वर येतच नव्हता. तुम्हाला वाटायचं नवरा जोडतो. प्रत्येकाने ते दुसऱ्यावर सोडलं होतं. हे मशीन ठेवून कामावर जायचे आणि तुम्ही बाहेर असायच्या. त्या वेळी घरात कोण असायचं?"

नवऱ्याची नजर थोरलीच्या टेबलाकडे वळली.

"परवा दादाच्या पायाने तार निघाली. ती न बघता, बोलता बोलता जागेवर बसली. आणि ती बसवणाऱ्या ताईच म्हणाल्या, तारा बघून मला घेरी येते."

थोरलीने हात मांडीवर घेतले.

"पहिले चार दिवस खरंच अपडेटमुळे गेले," ती हळूच म्हणाली. "दोन्ही मशीन बसली होती. माझं आधी उठलं, तेव्हा ही माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, 'ताई, इथे कापू का?' किती वर्षांनी विचारलं तिने! मग तिचं मशीन सुधारलं आणि ही उठून गेली. पाठ माझ्याकडे करून. भिंतीवर ते चिन्ह, फोनवर ते हसणं... तिने कापलेला तो प्रसंग माझ्याहून चांगला होता. तो मला बघवेना."

"ताई, तू मला सांगायचंस ना!"

"काय सांगायचं? की मला विचारत जा?"

धाकटीला आता नवऱ्याकडेही बघवेना. तो म्हणाला, "मी कॉफी टाकतो," आणि स्वयंपाकघरात गेला.

थोरलीने पिशवी उचलली. दारात तिचा तोल गेल्यासारखं झालं, तेव्हा तिचा दंड धरायला दादा तिथे आधीपासूनच उभा होता.

"शेवटच्या प्रसंगात," ती मागे न बघता म्हणाली, "म्हातारा वळतो ना, तिथे तू पापणीभर उशिरा कापतेस."

धाकटीने मान वर केली नाही. पण दार लोटलं गेल्यावर आतून तोच प्रसंग मागे नेल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा एकदा.

थोरली दिसेनाशी होईपर्यंत भाऊबहीण फाटकापाशी थांबले.

"ती पडणार हे तुला आधीच कसं कळलं?" चिमीने विचारलं. "आणि परवा जिन्यात 'नवरा' म्हणालास, पण तुला तसं वाटत नव्हतं. तू तेव्हाच तिला ओळखलं होतंस. माझ्याआधी."

माझ्याआधी! वर्षानुवर्षं या एका शब्दाची वाट बघितली होती दादाने. आणि मिळाला तोही असल्या ठिकाणी, जिथे पुढचा प्रश्न एकच असू शकत होता: थोरलीचं दुखणं तुला इतकं ओळखीचं कसं?

चिमीने तो विचारला नाही. फक्त त्याच्या हातातली बॅग घेतली आणि त्याच्या चालीने चालू लागली.

दादाला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. कार्टीला तेही कळलं होतं.