पहिल्या बक्षिसाचं कुलूप

अश्लेषानं दारावर दुसऱ्यांदा मूठ आपटली, तेव्हा मागून कुणीतरी अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, काही अडलंय का?"

ती वळली. समोर एक उंच, सावळा पोरगा. कपाळावर घाम, डोळ्यांत नुकत्याच झालेल्या कौतुकाची चमक आणि हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ. हसला की गालाला खळी पडत होती... पण ज्या बाईला टॉयलेटला जायचंय आणि दाराला हे एवढं कुलूप आहे, तिला खळ्या दिसत नसतात.

"अडलंय! हे कुलूप कुठल्या गाढवानं लावलं?"

पोराचं हसू जागच्या जागी थिजलं. "ते... पाणीबचत आहे मॅडम. ट्रेनिंगमधली कल्पना. म्हणजे—" त्यानं पुष्पगुच्छाकडं पाहिलं, "—माझीच. पहिलं बक्षीस मिळालं आत्ता."

"अभिनंदन! आता जरा वर बघा."

त्यानं वर पाहिलं. दारावर साडी नेसलेल्या बाईचं चित्र होतं.

"अरे देवा... नकाशात नुसतं 'टॉयलेट तीन' लिहिलं होतं."

"नकाशात बायका नसतात. कंपनीत असतात!"

आणि ती तरातरा निघाली. एप्रिलच्या उन्हातून, पार गेटजवळच्या ऑफिसच्या इमारतीकडं. बायकांची दुसरी सोय तिथंच होती.

ही त्यांची पहिली भेट. गोष्ट प्रेमाचीच आहे, पण आधी राग सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. औरंगाबादेत नळ चार-चार दिवस कोरडा खोकायचा, आणि बीड बायपासला नव्या इमारतींच्या फलकांवर निळेशार पोहण्याचे तलाव झळकत होते. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात हे दोघं होते, तिथं स्कूटरचे सुटे भाग बनायचे. त्या कारखान्याचं पाणी कापलं गेलं. मग प्लँट हेड देवेश सरांनी काय करावं? पुण्याहून एक ट्रेनर आणला! विषय: कामाच्या जागी कल्पकतेनं प्रश्न कसे सोडवावेत. एसी हॉल, रंगीत चिठ्ठ्या, 'चौकटीबाहेर विचार करा'चा जप आणि प्रत्येकापुढं गार पाण्याच्या बाटल्या. पाणी कसं वाचवायचं यावर दिवसभर घसा ओला करत चर्चा! हॉलमध्ये बाई एकही नव्हती. अश्लेषा क्वालिटी विभागात इंजिनिअर, पण तिला सांगण्यात आलं, "तुम्ही लॅब सांभाळा." कल्पना सुचायच्या पुरुषांना, आणि कळ सोसायची बायकांनी.

आणि तो पोरगा शिवराज. फुलंब्रीचा. रोज मोटरसायकलवर ये-जा करणारा, मेंटेनन्सला नवाच लागलेला इंजिनिअर. अजून नोकरीत कायम व्हायचा होता.

पॅकिंगमधल्या द्वारकाबाईंनी आपला प्रश्न आपल्या परीनं सोडवला. त्यांनी पाणी प्यायचंच सोडलं. "तिथवर जायचं, यायचं, तवर सुपरवायझर बोंबलतो. त्यापरीस नगंच ते पाणी," त्या म्हणायच्या. एका दुपारी त्या उभ्याच्या उभ्या खोक्यांवर कोसळल्या.

अश्लेषानं धावत जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडावर पाणी शिंपडणारा हात शिवराजचा होता.

"जाऊ द्या, ऊन लागलं असंल," भोवतीची माणसं म्हणत होती.

"माझ्यामुळं झालं," शिवराज हळूच म्हणाला.

"हो. तुमच्यामुळं." अश्लेषाला खोटा दिलासा देता येत नसे.

"मी साहेबांना बोललो होतो. ते म्हणले, तेवढं पाणी दुसरीकडून वाचवून दाखव, लगेच कुलूप काढतो. पण एकट्याला जमंना. मदत कराल?"

"तुम्हाला?"

"मला नाय." त्यानं द्वारकाबाईंकडं पाहिलं. "ह्यांना."

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. आता खळीबिळी नव्हती. होती ती लाज, आणि ती खरी होती.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत भेटा," ती म्हणाली. "आणि पुष्पगुच्छ आणू नका."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिनं डबा खाल्ला आणि सवयीनं धुवायला घेतला. एक पेलाभर पाणी. आधी स्वच्छ झाकण विसळलं, तेच पाणी वरणाच्या वाटीत, वाटीतलं भाजीच्या तेलकट डब्यात... शिवराज टक लावून बघत होता.

"काय बघताय?"

"तुमचे हात."

"काय?"

"म्हणजे... पाणी! पाणी बघत होतो!" कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. "आपल्या पार्ट धुवायच्या तीन टाक्या आहेत ना... तिन्हींत नवं पाणी भरतो आपण, अन् तिन्ही गटारात सोडतो. शेवटच्या टाकीतलं पाणी तर जवळजवळ स्वच्छच असतं! नवं फक्त तिथं भरलं, तिथलं मधल्या टाकीत, अन् मधलं पहिल्या तेलकट टाकीत नेलं तर?"

अश्लेषाच्या हातातला डबा तसाच राहिला. "घरी रोज करतो आपण हे. प्रत्येक घर करतं. आणि इथं आल्यावर अक्कल गेटवर ठेवतो!"

मग पाइप जोडणं, वाहतं पाणी मोजून सोडणं, सगळं शिवराजनं केलं. भाग खरंच स्वच्छ निघतात का, हे बघणं अश्लेषाचं काम. पांढऱ्या फडक्यानं प्रत्येक नमुना पुसायची आणि काळा डाग दिसला की निकाल सांगायची.

"नापास."

"पार्ट, का मी?"

"दोघंही."

"मला फेरपरीक्षा हाय का?"

"अभ्यास बघून ठरवू."

तेलाच्या वासात, पंख्याच्या गरम वाऱ्यात कसली ही थट्टा! पण ज्या दिवशी फडकं पांढरं ते पांढरंच राहिलं, त्या दिवशी तिनं ते त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. पलीकडून त्यानंही ते धरलं... आणि दोघांनाही ते सोडायचं सुचेना.

देवेश सरांनी आकडे पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. "अफलातून! टॉयलेटपेक्षा जास्त वाचतंय की! म्हणजे आता दोन्हीकडून वाचेल. कुलूप राहू दे."

"सर, तुम्ही शब्द दिला होता!" अश्लेषा म्हणाली.

"प्रॅक्टिकल व्हा. मूठभर बायकांसाठी अख्खं टॉयलेट कशाला?"

तिनं शिवराजकडं पाहिलं. तो फरशीकडं बघत होता.

बाहेर आल्यावर ती फुटलीच. "का नाही बोललात?"

"बोलून ते ऐकणारेत व्हय?"

"न ऐकणाऱ्यापुढंच बोलायचं असतं! मला वाटलं होतं, तुम्ही—" तिचा आवाज चिरकला.

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. बसा तुम्ही नकाशे बघत."

आणि ती गेली. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसू नये म्हणून भराभर.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीचे पाहुणे येणार होते. सकाळी अश्लेषा ऑफिसच्या इमारतीत शिरली आणि थबकली. तिथल्या लेडीज टॉयलेटवर पाटी होती: 'दुरुस्ती चालू. वापर बंद.' खाली ठसठशीत सही, शिवराजची. तो पाना हातात घेऊन दारातच उभा.

"काय बिघडलंय?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"लई बिघडलंय मॅडम. संध्याकाळपर्यंत नाय होत."

"मग बायकांनी जायचं कुठं?"

"ते मी कसं सांगू..." त्यानं पाना उलटसुलट केला. "पण साहेबांच्या केबिनमधल्या टॉयलेटचा नळ मी सकाळीच तपासला. झकास चालूय."

अश्लेषा त्याच्याकडं बघतच राहिली. काल मान खाली घालणाऱ्या माणसानं आज नोकरी पणाला लावली होती, आणि खाली सही ठोकली होती! तिला हसू आलं. भर रागात आलं.

पाहुणे आत चहा घेत होते, तेव्हा देवेश सरांच्या केबिनबाहेर रांग लागली. पुढं अश्लेषा, मागं द्वारकाबाई, त्यांच्यामागं पॅकिंगच्या साऱ्याजणी.

देवेश सर दारात आले. "हा काय तमाशा आहे?"

"तमाशा नाही सर, रांग आहे. ऑफिसमधलं दुरुस्तीला, प्लँटमधल्याला तुमचं कुलूप. चालू उरलं तुमचं. आम्ही प्रश्न सोडवला!"

"अन् लवकर आवरतो साहेब," द्वारकाबाई म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या निवांत."

पाहुण्यांत एक पोक्त बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, उठून पर्स खांद्याला नीट अडकवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. "मलाही जायचंय," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

देवेश सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "शिवराज! ते कुलूप काढ! आत्ताच्या आत्ता!"

शिवराजनं नुसतं कुलूप काढलं नाही, कडीकोयंडाच कापून टाकला. पुन्हा कुणाला कुलूप लावायची सोय नको.

संध्याकाळी पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली तो गाडीला टेकून उभा होता. अश्लेषा आली.

"काय म्हणाले साहेब?"

"कायम करायचं लांबवलंय. 'वर्तणूक बघू' म्हणले."

"वर्तणूक! आणि बायकांना तहानलेलं ठेवणाऱ्याची वर्तणूक कोण बघणार?" ती पुन्हा पेटली. "हसताय काय?"

"चिडल्यावर तुमच्या नाकाचा शेंडा..."

"गप्प बसा."

तो गप्प बसला. वारा आला. कडुनिंबाचा बारीक मोहर तिच्या केसांत अडकला. तो काढायला त्यानं हात उचलला, आणि तसाच मागं घेतला...

"इतकंही गप्प नाही," ती हळूच म्हणाली. "बोल."

बोला नाही... बोल.

"तू लई आवडतेस मला. गाढव म्हणालीस तेव्हापासून नाय, खोटं कशाला सांगू. तेव्हा रागच आला होता. द्वारकाबाई पडल्या, सगळे 'जाऊ द्या' म्हणत होते, अन् तू म्हणालीस, 'हो, तुमच्यामुळं.' तेव्हापासून."

तिनं केसांतला मोहर आपणच काढला आणि म्हणाली, "माझ्या घरी वादळ होईल. तुझी जात काढतील, पत्रिका मागतील, फुलंब्रीला नाकं मुरडतील."

"आमचे वडील, तात्यासाहेब, तर बोलणंच टाकतील माझ्याशी."

"टाकू देत! माझ्या घरी मी भांडेन, तुझ्या घरी तू भांडायचंस. आणि तिथं फरशीकडं बघत उभा राहिलास ना—"

"नाय राहणार."

"मग आत्ता तरी वर बघ."

त्यानं वर पाहिलं. आणि मग किती तरी वेळ दोघांनी दुसरीकडं कुठं पाहिलंच नाही.

गेटपाशी द्वारकाबाई बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी पीत होत्या. बाटली रिकामी करून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हाक मारली, "ओ मॅडम, बस सुटली! येता, का त्यांच्याच गाडीवर जाता?"

"त्याच्याच!" अश्लेषा ओरडून म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्येसुद्धा ऐकू जाईल एवढ्यानं.