हातची शपथ

"आधी पुसावं घाटाला, मग पुसावं धरणाला..."

तेवीस वर्षांपूर्वी शेजारच्या खुर्चीत बसून वत्सला पाटणकर हे गुणगुणायची. पुराचं गणित ती उलटं मांडायची, खालच्या घाटापासून वरच्या धरणाकडे. तो आवाज कुमुद सबनीसच्या कानातून गेला नव्हता.

आज सांगलीच्या पूरवेध प्रयोगशाळेत तेच उलटं गणित पडद्यावर झळकत होतं, सहा तास आधी पूर सांगत होतं. खाली नाव शर्वरी मानेचं. कालची पोर! कुमुद जळफळत प्रयोगशाळाप्रमुख हळब्यांकडे वळली.

'पूरवेध' ही मुक्त आज्ञावली होती. कुणीही वापरावी, कुणीही भर घालावी. अट एकच, भरीखाली शपथ लिहायची: 'हे माझ्या हातचं आहे.'

"हळबेसर, हे यंत्रानं लिहिलंय. उगमवेधक लावा."

"लावतो. पण ताई, यंत्रलेखनिकाचं स्वतःचं काहीच नसतं. त्यानं कुणाचं घोकलंय, ते उगमवेधक हुडकतो. लिहिणाऱ्याची ढब ओळखतो तो, सही नाही वाचत."

मत्सराला डोळे शंभर, कान मात्र नाहीत. ते शेवटचं वाक्य कुमुदला ऐकूच आलं नाही. या गणिताच्या तेवीस वर्षांपूर्वीच्या मूळ फाईलवर सही तिचीच होती. आता मान तिलाच मिळणार होता.

"लेखनिकाकडूनच घेतलंय मी," शर्वरी रडवेली झाली. "शपथेवाचून भर घेतच नाहीत ना!"

पडद्यावर अक्षरं उमटली: 'लेखन यंत्राचं. मूळ फाईल: कुमुद सबनीस.'

"अहो ताई, हे तर तुमचंच!" हळबे उठून उभे राहिले. "आणि इतकी वर्षं गप्प?"

कुमुदच्या ओठांवर हसू आलं, तोच दुसरी ओळ आली: 'फाईलमधली ढब सबनीस यांच्या इतर कुठल्याच लेखनाशी जुळत नाही. हात अज्ञात.'

हळबे पुन्हा खाली बसले.

"जुनी फाईल आहे," शर्वरी हळूच म्हणाली. "यंत्र चुकलं असेल, ताई."

त्यात टोमणा नव्हता. तेच कुमुदला जास्त लागलं.

"नाही चुकलं गं. अज्ञात खोडा, सर. वत्सला पाटणकर लिहा. ती दुखण्यात गेली, फाईल सहीवाचून राहिली. खाली सही करून शपथ मी लिहिली. तेव्हाही तिच्यावर मी अशीच जळत होते."