दुसरं मुसळ

त्याचा पहिला मेसेज आला तेव्हा मी अंगणात लसूण सोलत बसले होते. भर दुपार होती आणि आमच्या गल्लीत माझ्याशिवाय एकही माणूस नव्हता.

“मॅडम, तुमच्या रीलमधी मागं जे निळं दार दिसतंय, ते आमचं घर हाय. दार कावून उघडं हाय?”

मी मान वर केली. समोर निळं दार होतं. बंद. कडीला गंजलेलं कुलूप.

मग मी कालचं रील लावून पाहिलं. मी उखळापाशी बसलेय, मुसळ वरखाली होतंय, ओढणी सारखी घसरतेय... आणि मागं ते दार, हाताचा पंजा आत जाईल एवढंच उघडं. आत काळोख.

तेलगावच्या पलीकडचं हे आमचं गाव दिवाळीनंतर ओस पडतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, दारांना कुलपं लागतात, कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. माझी आई, विजयमाला, उपकेंद्रात नर्स. जूनमध्ये तिची सिरसाळ्याकडून इथं बदली झाली आणि आम्ही दोघी या गल्लीत भाड्यानं राहायला आलो. ती कामावर गेली की मी एकटी. म्हणून कारळाची चटणी कुटून इन्स्टावर विकायला सुरुवात केली होती. एका रीलला तीनशे व्ह्यूज, त्यातले निम्मे माझ्या मैत्रिणीचे, स्वप्नालीचे असावेत.

मी कुलपाचा फोटो काढून त्याला पाठवला. “बंदच आहे. उन्हामुळं तसं दिसलं असेल. तुम्ही कोण?”

“आदिनाथ. उसाचा ट्रॅक्टर चालवतो, कर्नाटकात. कारखान्यावर लायनीत उभा हाय, म्हणून रील बघत बसलतो. एकदम आपलंच दार दिसलं... धस्स झालं बघा.”

जरा वेळानं आणखी एक मेसेज आला. “चटणी मात्र लई झकास दिसती.”

“नुसती बघूनच?”

“मग काय करू? मोबाईल चाटू?”

रिकाम्या गल्लीत मी एकटीच मोठ्यानं हसले... आणि मलाच माझा आवाज परका वाटला.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हॉइस मेसेज आला. आवाज खोल, थोडा घोगरा. “मनिषा मॅडम, एक विचारू? तुमच्या घरी मुसळं दोन हायेत का?”

“एकच आहे.”

“मग हेडफोन लावून ऐका.”

मी ऐकलं. माझं मुसळ... धप, धप, धप. त्याच्या आड दुसरं. दुरून, जाड भिंतीमागून आल्यासारखं. दोन घाव, मग थोडं थांबणं. पुन्हा दोन घाव. आणि त्या थांबण्यात बारीक किणकिण. बांगड्यांची.

माझ्या हातात बांगड्या नव्हत्या.

मी निळ्या दाराकडं पाठ न करता घरात शिरले आणि कडी लावून घेतली. अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला. आधी नुसतीच ट्रॅक्टरची घरघर, मग तो.

“दोन घाव घालायचे, थांबायचं, बांगड्या कोपराकडं सारायच्या. माझ्या आईची सवय हाय ती. छबुबाई तिचं नाव. गेल्या साली ऊस तोडताना तापानं गेली. हितंच, पाचटाच्या कोपीत. मी कारखान्यावर लायनीत अडकलतो, दोन दिवस गाडी खाली झाली न्हाई. आलो तवा... सगळं उरकलं व्हतं. त्याच्या मागनं ते कुलूप उघडायचं माझं धाडस झालं न्हाई. सुट्टीत बी तेलगावला मामाकडंच राहिलो.”

मी “जेवलात का?” एवढंच विचारलं.

“न्हाई. आता जेवतो.” मग हलकंसं, “कुणी विचारलं न्हवतं लई दिवसांत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा तिथंच बसले, पुन्हा फोन उभा केला. भीती वाटत होती... खूप वाटत होती. तरी बसले. खरं सांगू? त्याच्यासाठी.

कुटताना मला काही ऐकू यायचं नाही. फोनमध्ये मात्र ते दुसरं मुसळ रोज यायचं. कधी दार फटीएवढं उघडं दिसायचं, कधी मिटलेलं. एकदा त्या फटीत हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. मी व्हिडिओ थांबवून बघायला गेले, तर नुसता काळोख.

मी रोजचा व्हिडिओ आधी त्याला पाठवायची. लायनीत उभा राहून तो ते कुटणं ऐकायचा. मग आमचं बोलणं सुरू व्हायचं. मी चटणीची एक पुडी कुरिअरनं धाडली, तेव्हा त्यानं रिकाम्या पुडीचा फोटो पाठवला.

“कशी होती?”

“खोटं बोलू का खरं?”

“खरं.”

“मीठ आधी टाकता तुमी. आई कारळ कुटून झाल्यावर टाकायची. बाकी... बोटं चाटली.”

“मोबाईल नाही ना चाटला?”

“त्याच्यावर तुमचा फोटो व्हता. चाटायचं न्हाई, पर बघत बसलो.”

मी फोन पालथा घातला. गाल तापले होते. समोरच्या बंद घरातून कुणीतरी खुदकन हसल्यासारखं वाटलं... वारा असेल, मी स्वतःला समजावलं. वारा नव्हताच.

मीठ शेवटी टाकायला लागले आणि ऑर्डरी वाढल्या. मग एका बाईनं कमेंट केली. “मागं दुसरं कोण कुटतंय?” त्याखाली शंभर कमेंट्स आल्या. स्वप्नालीनं अंबाजोगाईहून फोन केला. “मने, सोनं सापडलंय तुला! बंद घरातला आवाज! तसंच नाव दे रीलला. बघ कशी पळते चटणी.”

मी नको म्हणायला हवं होतं. पण पॅकिंगसाठी मी गावातल्या साखराबाईला नुकतंच हाताशी घेतलं होतं. हे वाढलं तर पुढच्या वर्षी तिला पोराबाळांसकट उसाला जावं लागणार नाही, असं मी मनाला सांगितलं. आणि खरं म्हणजे मलाही ते चढत जाणारे आकडे हवे होते. मी रील टाकलं. ‘बंद घरातला दुसरा हात.’ फोनकडं बघून बोलले, “या घरातल्या छबुबाई मावशी मागच्या वर्षी गेल्या. ऐका... कुटायला अजून येतात.”

तीन दिवसांत चार लाख लोकांनी पाहिलं. पुड्या पुरेनात.

चौथ्या दिवशी दुपारी दोन मोटारसायकली आल्या. कुठून आल्या कुणास ठाऊक. पोरं निळ्या दारासमोर फोन धरून उभी राहिली. एकानं दारावर लाथ घातली. “ए छबुबाई, चटणी दे की!” सगळे खिदळले. मी ओरडले, हाताला लागलेलं मुसळ घेऊनच धावले, तेव्हा ती पळाली. त्यांचं रील माझ्या आधी आदिनाथपर्यंत पोचलं.

त्याचा एकच मेसेज आला.

“माझ्या आईला तुमी जाहिरातीत घेतलं व्हय?”

मी फोन लावला. त्यानं उचलला नाही.

त्या दुपारी कुटलं आणि कानाला हेडफोन लावला. धप, धप, धप... माझं एकटीचंच मुसळ. गल्ली इतकी मुकी कधीच वाटली नव्हती. ज्या बाईची मला भीती वाटायची, तिच्याच जाण्यानं मी रडले.

मी एकेक करून सगळी रील्स काढली. स्वप्नाली फोनवर किंचाळली, “चार लाख व्ह्यूज! येडी झालीस का?”

“ती कुणाची तरी आई आहे गं.”

मग कॅमेऱ्यासमोर बसले. “माझ्याकडून चूक झाली. एका गेलेल्या माणसाच्या नावावर मी चटणी विकली. त्या घरापाशी कृपा करून कुणी येऊ नका. चटणी चांगली असेल तर घ्या, नसेल तर घेऊ नका.” खाली शिव्या आल्या, चेष्टा झाली, ऑर्डरी गळाल्या. साखराबाई मात्र सकाळी वेळेवर हजर. म्हणाली, “थोड्याच पुड्या भरू. पर छबुबाईला आता कुणी लाथ मारनार न्हाई.”

आदिनाथला मी रोज एक ओळ लिहायची. ‘जेवलात का?’ अकरा दिवस उत्तर नाही.

बाराव्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, कुणीतरी निळ्या दारासमोर उभं होतं. उंच, काळासावळा, शर्टावर उसाच्या चोथ्याचे डाग. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. तरी उभं राहण्यावरूनच ओळखलं... लायनीत थांबायची सवय असलेला माणूस.

“दोन दिवसांची सुट्टी काढली,” वळून न बघता तो म्हणाला. “चावी हाय माझ्याकडं. हात व्हईना.”

मी जवळ गेले. त्याच्या मुठीतली किल्ली ओली झाली होती. मी त्या मुठीखाली हात धरला आणि किल्ली कुलपात गेली. किल्ली फिरली. कुलूप एवढं गंजलेलं, पण कुणी कालच तेल घातल्यासारखं उघडलं.

आत धुळीचा जाड थर होता. भिंतीवरची भांडी, दोरीवरचं हिरवं लुगडं, सगळं राखाडी. कोपऱ्यातलं उखळ तेवढं लखलखीत. त्याच्या तळाशी कारळाचे काळे दाणे होते, आणि भाजलेल्या लसणाचा वास... गरम, ताजा.

आदिनाथ खाली बसला. उखळाच्या काठावर त्यानं कपाळ टेकवलं. “आई... उशीर झाला गं मला. लई उशीर झाला.” त्याचे खांदे हलत राहिले. मी पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

खूप वेळानं त्यानं डोळे पुसले.

“व्हिडिओ काढला न्हाई तुमी?”

“फोन घरीच आहे.”

“ती माफी... मी धा वेळा बघितली.”

“मग उत्तर का नाही दिलं?”

“राग व्हता. मग राग गेला, पर...” तो अडखळला. “लिहून सांगायसारखं न्हवतं. मनिषा, तू रोज ‘जेवलात का’ म्हणून विचारायचीस ना... ते जन्मभर विचारशील का?”

“मीठ आधी टाकलं तर चालेल?” कसंबसं म्हणाले.

तो हसला. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी हसला. “त्यावर भांडू रोज. सिस्टरबाई कधी येतात उपकेंद्रावरनं?”

“आत्ता येईलच. कावून?”

“कावून म्हंजी? त्यांना विचाराया नको?”

मी उठून लुगड्यावरची धूळ झटकली, त्यानं खिडकी उघडली. तेवढ्यात गल्लीत आईच्या चपलांचा आवाज आला. उघडं दार बघून ती थबकली, पर्स छातीशी धरून उंबऱ्यापाशी उभी राहिली.

“मनिषा, तू इथं? आणि हे कोण?” मग आमच्या दोघांच्या मागं, कोपऱ्याकडं बघत ती गोंधळून म्हणाली, “आणि आत्ता मला ‘या बाई, बसा’ कोण म्हणालं? बाईमाणसाचा आवाज होता...”

आदिनाथनं माझ्याकडं पाहिलं. मग पुढं होऊन तो आईच्या पाया पडला.

“माझी आई,” तो म्हणाला. “या ना. बसा.”