अनवाणी सोजीर

टाकीत माणूस होता. निदान एके काळी होता.

हरेश्वरकाकांनी विजेरी खाली धरली. कोरड्या टाकीच्या तळाशी हिरव्या लष्करी कापडाच्या चिंध्या, त्यांत हाडं, एक पितळी बक्कल, आणि गळ्याच्या जागी साखळीत अडकलेलं छोटं पदक. मारियामातेचं.

"काका," मागून सालोमी टीचर म्हणाली, "पदकाची कड तुटलेली आहे का? डावीकडून?"

तुटलेली होती.

"मग तो माझा भाऊ. आमचा आलोशियस." तिनं क्रुसाची खूण केली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. दहा वर्षं रडून झालं होतं.

काकांनी विजेरी लगेच विझवली नाही. त्यांनी उजेड सावकाश पायांच्या हाडांपर्यंत नेला. पुन्हा डोक्याशी आणला. कवटीला मागून तडा होता. पुन्हा पायांशी.

गणवेश होता, पट्टा होता. बूट नव्हते. टाकीत कुठंच नव्हते.

शनिवार, ३१ ऑक्टोबर १९८१. दुपारचे साडेतीन. सातिवलीच्या मागच्या टेकडीवर दुसऱ्या महायुद्धात विमानं टेहळायला बांधलेली ही चौकी. पलटण गेली, छप्पर गेलं, राहिली ती चार भिंती आणि पाण्याची टाकी. खालच्या पाड्यांत तिला सोजराची चौकी म्हणतात, आणि दिवेलागणीनंतर कोणी वर येत नाही. वारा नव्हता. तरी भिंतीच्या भोकांतून कोणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज येत होता.

पायथ्याशी ताडी काढणाऱ्याला काकांनी सायकलवर पोलिसांकडे पिटाळलं. पोलीस यायला तास तरी लागणार होता. तास काकांना पुरेसा होता.

हरेश्वरकाकांनी वसई रोडच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं विड्याच्या पानांच्या करंड्या नोंदवल्या होत्या. नोकरी सुटली, नोंदायची सवय सुटली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ओस पडलेल्या लष्करी जागांची वही घातली. रकाने चार: जागा, बांधली कोणी, सोडली कधी, भूत कधीपासून. चौथ्या रकान्यावर लोक हसायचे. काका म्हणायचे, भुतालासुद्धा कामावर रुजू झाल्याची तारीख असते.

दोन दिवस जीपनं हिंडून त्यांनी बऱ्याच नोंदी केल्या होत्या. वज्रगड: भूत पेशवाईपासून. मांडवीचा कोट: भूत एक नवरी, आजोबांच्या आजोबांपासून. अर्नाळ्याचा बुरूज: भूत नाही. तिथल्या कोळणी म्हणाल्या, इथं आम्हालाच ऱ्हायला जागा नाय, त्याला कुठं घालू?

आणि सोजराची चौकी: सोडली १९४५. भूत, बूट वाजवत फिरणारा गोरा सोजीर. कधीपासून? पाड्यातल्या पुतळाबाईनं बोटं मोजून सांगितलं होतं, "माझ्या धाकटीच्या जलमापासून." धाकटी १९७२ची. तिथं काकांनी लाल रेघ मारली होती.

जीपमध्ये चौघं होते. काका. वहीची गोष्ट ऐकून आपणहून आलेली सालोमी. जीपवाला नथू. आणि वाट दाखवायला म्हणून काकांनी आग्रहानं बोलावलेला क्लेमेंट मच्याडो.

क्लेमेंट म्हणजे गावाच्या हिशेबवहीतलं जमेनं भरलेलं पान. चर्चच्या समितीत, पानमळ्याचा मालक, आणि सालोमीच्या घरचा मुलासारखा. १९७१च्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. सुट्टीवर आलेल्या आलोशियसला तारेनं परत बोलावलं. चार तारखेला संध्याकाळी पाच वाजता तो घरातून निघाला. क्लेमेंट सांगायचा, मीच त्याला गाडीत बसवलं. पलटणीत तो पोचला नाही. लष्करानं त्याच्या नावापुढे 'पळून गेला' असं लिहिलं, गावानं ते तोंडपाठ केलं. तेव्हापासून त्याची आई फ्लॉसी संध्याकाळी दाराला कडी लावत नाही. क्लेमेंट दर रविवारी येतो, औषधं आणतो, शेवटची भेट पुन्हा सांगतो.

परवा, दोन नोव्हेंबरला, चर्चमध्ये गावच्या मृतांची नावं वाचली जाणार होती. आलोशियसचं नाव दहा वर्षांत एकदाही वाचलं गेलं नव्हतं. पळपुट्यांची यादी वेगळी असते. फ्लॉसी आता अंथरुणावरून उठत नव्हती. पुढच्या दोन नोव्हेंबरला ती ऐकायला असेल, असं डॉक्टरसुद्धा म्हणत नव्हता.

"आय सारखं एकच बोलते," सालोमी वाटेत म्हणाली होती. "तो चौकीवर हाय. त्याला थंडी वाजते."

तेव्हा तिच्या पायाशी पान्ह्यांनी भरलेला एक जुना काळा बूट लोळत होता. वळण आलं की तिच्या टाचेला लागायचा.

"तो आपला टूलबॉक्स, टीचर," नथू म्हणाला होता. "याचा जोडीदार खाडीकडच्या खाजनातल्या चिखलात गेला. हा विधुर."

आता चौघं जीपच्या सावलीत उभे होते. क्लेमेंट वर आलाच नव्हता. वर साप आहेत, म्हणाला होता. बातमी ऐकून तो फूटबोर्डवर बसला.

"बिचारा. म्हणजे मधेच कुठंतरी उतरला असणार गाडीतून."

"असेल," काका म्हणाले. "ती गाडी कुठली होती रे?"

"सव्वासातची. किती वेळा विचाराल, पार्सलबाबू?"

"वय झालं. विसरतो. आणि तो कुठं उभा होता?"

"डब्याच्या दारात. वरचा दिवा थेट तोंडावर. हसत होता. दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होता."

सालोमीनं मान हलवली. ही वाक्यं तिला पाठ होती.

"पायांत?"

"पायांत काय?"

"बूट होते?"

"म्हणजे काय, पलटणीत चाललेला माणूस! कडक पॉलिश केलेले."

"बरं. नथू, तू तेव्हा कुठं होतास?"

"मी? क्लेमेंटशेठच्याच मळ्यात. पानी शिंपायला. शेठनी लायसन काढून दिलं तेवा सोडला."

"आणि हा तुझा विधुर बूट कुठून आला?"

नथू हसला. "तो पन शेठचाच. पहाटे कामावर आलो तर मळ्याच्या फाटकाशी जोडी. नवी कोरी. आत मोजे गुंडाळून ठेवलेले. मी विचारलं कोनाचे, तर शेठ बोलला, बाजारातून आनले, मला मोठे होतात, तू ने."

"कधीची गोष्ट?"

"लढाईतली. दिवे बंद असायचे ना, तेवाची."

नथूचं हसू वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत संपलं. तो जीपकडे वळून पाहू लागला.

"बाजारात नव्या बुटांबरोबर वापरलेले मोजे देतात?" काकांनी विचारलं.

सालोमी जीपमध्ये चढली. तिनं बूट उलटा केला. पान्हे फूटबोर्डवर खणखणत पडले आणि टेकडीनं तो आवाज परत पाठवला. तिनं पदरानं बुटाची जीभ आतून पुसली. चामड्यावर ठोकून उमटवलेले आकडे होते. अर्धे झिजलेले.

तिनं ते वाचले नाहीत. डोळे मिटून म्हटले. आठच्या आठ. काका बुटात पाहून एकेक जुळवत गेले.

"दर पत्रावर लिहायचे मी," ती म्हणाली. "त्याचा नंबर."

"सालोमी, ऐक माझं..." क्लेमेंट उठला.

"बस," काका म्हणाले. "मी सांगतो. चुकलो तर दुरुस्त कर.

"पहिली गोष्ट, भूत. पलटण गेल्यावर सत्तावीस वर्षं ते कुठं होतं? एकाहत्तरची लढाई संपली आणि रुजू झालं. पुतळाबाईला मी विचारलं, पहिल्यांदा कोणाला दिसलं? म्हणाली, मच्याडोशेठला, तो शेणखत घ्यायला आमच्याकडे यायचा. गुराखी पोरं टाकीवर चढायची, ती थांबावीत म्हणून तू सोजीर उभा केलास. पण त्याला बूट का घातलेस? तुझ्या मनात तेच वाजत होते म्हणून.

"दुसरी, दिवा. तीन तारखेच्या संध्याकाळपासून ब्लॅकआउट होता. त्या आठवड्यात मी फलाटावर कंदिलाला काळा कागद गुंडाळून करंड्या मोजल्या. गाड्या अंधारात यायच्या, अंधारात जायच्या. दारातल्या माणसाचं हसू सोड, माणूस दिसत नव्हता. फ्लॉसीबाईंना बरं वाटावं म्हणून तू दिवा लावलास. दर रविवारी त्यात थोडं तेल घालत गेलास.

"तिसरी, बूट. मेलेल्याचे बूट कोणी काढलेच, तर मोजे गुंडाळून आत ठेवत नाही. ते त्यानं स्वतः काढले. आता सांग, ख्रिस्ती माणूस बूट कुठं काढतो? चर्चमध्ये तो बूट घालून जातो. घरी काढले असते तर सालोमीनं पाहिले असते. काल सकाळी तुला घ्यायला आलो, तेव्हा तुझ्या फाटकाशी मला काय म्हणालास?"

नथूनंच उत्तर दिलं. "चपला भाईर. पानाची येल कुजते."

"हिंदू असो, ख्रिस्ती असो, पानमळ्यात शिरताना जो तो अनवाणी होतो. सीमेवर निघालेला शिपाईसुद्धा. आलोशियस तुझ्या मळ्यात आत गेला आणि बाहेर आला नाही. तू अंधारात गाडी जुंपलीस. पानाच्या करंड्यांची गाडी रोजची, कोण अडवणार? त्यात घालून त्याला इथल्या टाकीत आणून टाकलंस. फाटकाबाहेरचे बूट काळोखात राहिले. परत आलास तर नथू ते हातात घेऊन उभा. नाही म्हणणार कसा?"

क्लेमेंट पुन्हा फूटबोर्डवर बसला.

"करंडीत घड्याळं होती," क्लेमेंट म्हणाला. त्याचा आवाज रविवारचा नव्हता. "समुद्रातून पडावानं चोरून उतरवलेली. वर पानं. तो निरोप घ्यायला आला, करंडी उचलायला हात लावला. म्हणाला, मी लढायला चाललो आणि तू हे करतोस? पोलीस चौकीत सांगूनच गाडी धरतो. पाठ फिरवली. माझ्या हातात कुदळ होती." तो सालोमीकडे वळला. "फ्लॉसीमावशीला मी कधी काही कमी पडू दिलं नाही."

"नाही," सालोमी म्हणाली. "फक्त तो मेला, एवढंच सांगायचं राहिलं तुझं."

खालच्या वळणावर पोलिसांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

बूट पंचनाम्यात गेला. काकांनी वही काढून सोजराच्या चौकीपुढचा चौथा रकाना खोडला.

सालोमी घरी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. ती खाटेशेजारी बसली. आईचा हात हातात घेऊन तिनं सगळं सांगितलं, कुदळीपासून बुटापर्यंत. परवा नाव वाचणार, फादरांनी लिहून घेतलंय, हेही सांगितलं.

फ्लॉसी छताकडे बघत होती.

"पलाला नाय ना?"

"नाय, आय."

"बूट भाईर काढलेन?"

"हो."

म्हातारीनं दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

"मग आत आलाय तो," ती म्हणाली. "कडी लाव आता."