अंगठ्याएवढे गुलाबी डाग

डाग जेमतेम अंगठ्याएवढा होता. लाल फुलाच्या कडेला, पांढऱ्या कापडावर, फिकट गुलाबी. चार बोटं सोडून तसाच दुसरा. मग तिसरा. मोएरोआने पट्टी लावून मोजलं. अंतर जवळजवळ सारखंच!

"सुट्टीत पण गणित!" तिचा चुलतभाऊ रोबाती वैतागला. "पोहायला चल की!"

"गप रे. छपरातून गळलेलं पाणी असं रांगेत पडतं का?"

रोबातीची धाकटी बहीण इनासुद्धा खाली वाकली. "अय्या, खरंच!"

दवाखान्यात आजोबा शेवटचे दिवस मोजत होते. पॅसिफिक समुद्रातल्या या आतिऊ बेटावर माणूस मातीत जातो तो आपल्या तिवाइवाईत, म्हणजे गोधडीत, गुंडाळून, आणि आजोबांची ही फुलाफुलांची गोधडी गावातल्या बायका चार महिने शिवत होत्या. सोमवारी ती मोएरोआच्या घरी होती. त्या रात्री छप्पर गळलं, मंगळवारी डाग दिसले.

"स्वतःच्या बापाचं पांघरूण भिजवलंस, तुआइने!" असं म्हणून बायकांनी तिच्या आईला शिवणाच्या चटईवरून उठवलं. आई तेव्हापासून धड जेवली नव्हती. गोधडी पुरी करायची की टाकून द्यायची, हे सांगायचं गावातल्या तेपाएरूआजीने, कारण गोधडीची फुलं तिच्या कात्रीने कापलेली. आणि आजी तीन दिवस गप्प!

बायका जेवायला गेल्या होत्या. मोएरोआने टाके घालायच्या पवित्र्यात गोधडी धरली. तिचा अंगठा बरोब्बर डागावर बसला.

"हा घाम आहे! शिवणाऱ्यांच्या हातांचा!"

"पुरावा?" रोबाती म्हणाला.

आजीच्या टोपलीत त्याच लाल कापडाची कात्रणं होती. इनाने पांढरा रुमाल ओला करून एका कात्रणावर घासला. रुमाल लालभडक!

"माझ्या टोपलीत हात कुणी घातला?"

दारात तेपाएरूआजी! मागे सगळ्या बायका. सगळ्यांच्या मागे, अंगणातच थांबलेली आई.

मोएरोआने रुमाल पुढे केला. "आजी, आमच्या छपराने काही नाही झालं. रंगच कच्चा आहे. कापड आधी धुतलं नव्हतं?"

"भेट आलेलं कापड धुवायचं?" एक बाई कडाडली. "म्हणजे देणाऱ्याला मळकट म्हणायचं!"

आजीने रुमाल हातात घेतला.

"माझ्या लेकीने ऑकलंडहून पाठवलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा काही पाठवलं तिनं. कापलं त्याच दिवशी माझी बोटं लाल झाली. मी ती गवताला पुसली." ती मोएरोआकडे वळली. "तुझे डोळे चांगले आहेत, पोरी. माझेही चांगले होते. तोंड उघडलं नाही मी." मग हळूच विचारलं, "निघतील का गं हे डाग?"

मोएरोआला खोटं बोलवेना. "भरपूर गार पाणी, सारखं बदलत राहायचं. मध्ये सुकू द्यायची नाही. तरी सगळीच गुलाबी होईल बहुतेक."

"आणि आजोबांना दिवस किती?" इनाने कुजबुजत विचारलं.

आजीने गोधडीची घडी उलगडली.

"धुवायची," ती म्हणाली. "तुआइने, आत ये. ते टोक तू धर."