बिनलेबलाचे अकरा डबे

दक्षिणेच्या समुद्रातल्या एका निर्जन बेटावर जायचं, वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला उघडं पडणारं समुद्रगवत गाठायचं आणि समुद्रगाय तिथे चरून गेल्याच्या खुणांचे फोटो घेऊन परतायचं. दोन हजार चारच्या जूनमधल्या त्या मोहिमेचा हेतू एवढाच होता. फोटो मिळाले तर उल्काच्या दोन वर्षांच्या संशोधनाला पुरावा मिळणार होता.

माणसं तीनच. सव्वीस वर्षांची उल्का, लहानपणापासून मधुमेहाची सोबत घेऊन वाढलेली. होडी हाकायला हार्बरफ्रंट बंदरावरच्या शिपिंग कचेरीतला सुबोध. आणि शिधा सांभाळायला सेंगकांग उपनगरातले निशिकांतराव. पेशाने इंजिनिअर, पण जीव सगळा कीर्तनात. बुवांच्या मागे झांज धरून उभे राहिले की त्यांना भूक-तहान आठवत नसे. उल्काच्या आईला त्यांनी शब्द दिला होता, "पोरगी माझ्या पदरात घातलीत, आता काळजी सोडा."

शिधा म्हणजे डबे. आदल्या वर्षी सार्सची साथ आली तेव्हा निशिकांतरावांनी फ्लॅटमधलं बॉम्ब-शेल्टर, म्हणजे तिथल्या नव्या घरांत असतेच ती जाड भिंतींची बंद खोली, डबाबंद अन्नाने छतापर्यंत भरलं होतं. वस्तू बाहेरची, हजार हात लागलेली! म्हणून प्रत्येक डबा त्यांनी भाजी धुवावी तसा साबणाच्या पाण्यात बुचकळून काढला. जंतू गेले, सोवळंही सांभाळलं गेलं आणि लेबलंही वाहून गेली. वर ते ओलेच डबे त्या बिनवाऱ्याच्या खोलीत एकावर एक रचले. वर्षभरात कडांना गंज धरला.

"शत्रूचा बॉम्ब कशाला हवा?" त्यांच्या पत्नी मीनलवहिनी म्हणाल्या होत्या. "तुमचं शेल्टर आतूनच फुटेल एक दिवस."

रिकाम्या डब्यांतही त्यांचा तेवढाच जीव. एकाला भोकं पाडून चूल केलेली, दुधाच्या पावडरीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात काडेपेटी आणि नारळाच्या शेंड्या भरलेल्या.

पहाटेच्या अंधुक उजेडात होडी बेटाला लागली. पाणी लांबवर ओसरलं होतं. उघड्या पडलेल्या प्रवाळांतून टक्-टक् असे बारीक आवाज येत होते, जणू कुणी अंधारात दात वाजवत होतं. पक्षी एकही नाही. वारा तर अगदीच पडलेला.

"हे लक्षण बरं नाही," सुबोध पुटपुटला.

उल्काने इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. "काका, अर्ध्या तासात खायला हवं हं मला."

"अगं, चूल पेटली की लगेच!" निशिकांतरावांनी डब्यांची गोणी आणि चुलीचं सामान खडकावर चढवलं. उल्काची बॅग, फोन, बिस्किटं, ग्लुकोज सगळं होडीतच होतं. दहा पावलांवर तर होडी होती!

तेवढ्यात पश्चिमेला एक काळी रेघ उठली. बघता बघता ती भिंत झाली.

"सुमात्रा!" सुबोध ओरडला. पश्चिमेच्या सुमात्रा बेटाकडून येणाऱ्या वादळाला इथे त्याच नावाने ओळखतात. "होडी! होडी धरा!"

वारा आदळला. पाऊस आडवा आला. नांगराचा दोर ताणला, थरथरला आणि तुटला! सुबोध गळ्याइतक्या पाण्यात घुसला. लाटेने त्याला उचलून खडकावर फेकलं. होडी गेली. बॅग गेली. फोन गेले.

पाऊण तासाने वादळ ओसरलं तेव्हा भरती सुरू झाली होती. तिघांजवळ एक खडक, वाळूची निमुळती होत चाललेली पट्टी, डब्यांची गोणी आणि चुलीचं सामान उरलं होतं. सुबोधच्या गुडघ्यातून रक्त वाहत होतं. पण निशिकांतरावांचं लक्ष उल्काकडे गेलं. पोरीला दरदरून घाम फुटला होता. हात कापत होते.

"मी फोटो... जाऊन येते," ती जड जिभेने म्हणाली.

"बस खाली! साखर उतरलीय तुझी."

"तुम्ही नका सांगू मला!" एरवी कधी आवाज न चढवणारी उल्का खेकसली आणि मटकन बसली.

गोड हवं होतं. आत्ता, या क्षणी, ती गिळू शकत होती तोवर. गोणीत अकरा डबे होते. कोणत्यात काय, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं!

निशिकांतरावांनी एक डबा खडकावर उलटा घासला, कड झिजवली आणि चाकूने झाकण उचकटलं. वाटाणे! दुसरा. छोले! बोटं रक्ताळली. असे अकरा उघडेपर्यंत पोर हातची जाईल.

"पांडुरंगा, थोबाडीत मार माझ्या," ते कळवळून म्हणाले, "पण वाट दाखव."

मग त्यांनी तिसरा डबा कानाशी धरून हलवला आणि झाकणावर टिचकी मारली. टण्ण. आत दाणे खडखडले. बाजूला ठेवला. चौथा, पाचवा तसेच. सहाव्यात पातळ पाणी डुचमळलं आणि फोडी आपटल्या.

"अननस! पाकातला अननस!" सुबोधने झडप घातली.

निशिकांतरावांनी टिचकी मारली. भद्द. वादी सैल पडलेल्या मृदंगासारखा मेलेला आवाज. झाकण बोटाखाली दबलं आणि टुक् करून वर आलं. डबा फुगला होता.

"नाही. हा नासलाय."

"निशिकांतराव, ती मरतेय! थोडा पाक पाजू, पुढचं पुढे बघू!"

"आणि यानेच गेली तर? तिच्या आईला काय सांगू?"

"काहीच नाही मिळालं तर काय सांगाल?"

निशिकांतरावांनी डोळे मिटून तो डबा दूर समुद्रात भिरकावला. सुबोधने कपाळावर हात मारला.

सातवा खडखडला. आठवा फुगलेला. नववा खडखडला. पाणी खडकाच्या पायथ्याला लागलं. उल्काची मान कलली.

दहावा लहानसा होता, वजनाला मात्र दगड. हलवला तर चकार शब्द नाही. टिचकी मारली. टण्ण! स्वच्छ, खणखणीत.

"तुमच्या शेजारणीने साथीत दिलेला मांसाचा डबा असेल तो," सुबोध म्हणाला.

"असू दे!"

दगडावर घासला. आणखी घासला. चाकूचं टोक मोडलं. झाकण वाकलं आणि कडेवरून पिवळसर दाट थेंब ओघळला. आटवलेलं गोड दूध!

"उल्का! बाळा, गिळ. गिळतेस ना? एवढं गिळ."

तिने गिळलं. बोटभर, पुन्हा बोटभर. निशिकांतराव तिच्या कानाशी अखंड नाम घेत राहिले. गेली, राहिली, गेली, राहिली. पंधरा मिनिटं, की पंधरा वर्षं? मग तिच्या पापण्या हलल्या.

"काका... तुम्ही रडताय का?"

"खारं पाणी आहे ते. चाट अजून."

सुबोधने दुधाच्या पावडरीचा डबा उघडला. शेंड्या कोरड्या खडखडीत! डब्याच्या चुलीतून धूर उठला. तो रिकाम्या डब्यांवर दगड बडवत राहिला, पाणी पोटऱ्यांना भिडलं तरी बडवत राहिला. शेवटी दूरवर एका मच्छीमार होडीने तोंड वळवलं.

होडीवाला म्हातारा मलय होता. त्याने उल्काकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. पन्नास हातांवर जरा उंच वाळूवर गवताचा शेवटचा हिरवा पट्टा अजून उघडा होता आणि त्यावर समुद्रगाय चरून गेल्याच्या, नांगरल्यासारख्या लांब, वळणदार रेघा स्पष्ट दिसत होत्या. कॅमेरा उल्काच्या कमरेच्या पाऊचमध्ये शाबूत होता.

"जवळून, माप ठेवून घ्यायला हवेत. पाच मिनिटं लागतील, काका," ती हळूच म्हणाली.

तिने एक पाऊल टाकलं. तोल गेला, तिने खडक धरला. क्षणभर ती त्या रेघांकडे पाहत उभी राहिली. मग वळली आणि होडीकडे हात पुढे केला.

"कुणी मागे राहिलं?" म्हाताऱ्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

निशिकांतरावांनी उल्काचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"नाही," ते म्हणाले. "तिघं आलो होतो. तिघं चाललोय."

होडी वळली. मागे पाणी गवतावर चढलं आणि सगळ्या खुणा पुसत गेलं.